डोकेदुखी आणि पोटाच्या तक्रारींमागचे पदार्थ शोधण्याचा प्रकल्प : नोंदी

६ जानेवारी

या प्रकल्पात एका जुन्या यादीची छाननी करायची आहे. धाकट्या बहिणीला अनेक वर्षांपासून अधूनमधून तीव्र डोकेदुखी होते आणि त्याशिवाय पोट फुगणे, मळमळणे, जेवणानंतर जड वाटणे अशा तक्रारी असतात. या काळात तिने आपल्याला बाधणाऱ्या पदार्थांची एक यादी मनाशी पक्की केली आहे : चॉकलेट, चीज, दूध, गहू, कांदा, लसूण, टोमॅटो, संत्र्या-मोसंब्यासारखी आंबट फळे, पाकिटातली सूप आणि आइस्क्रीम. डोके दुखले की आधीच्या जेवणातला एखादा पदार्थ यादीत जमा होतो, आणि एकदा जमा झालेला पदार्थ पुन्हा खाल्लाच जात नसल्यामुळे त्याला यादीतून बाहेर पडण्याची संधीच मिळत नाही. त्यामुळे ही यादी फक्त वाढते. नवे संशयित शोधण्याआधी जुन्यांपैकी किती जणांना सोडून देता येते हे पाहणे, हे पहिले काम ठरवले आहे.

डोके आणि पोट यांचा तपास वेगवेगळा चालवायचा. दुधाने पोट फुगते त्यामागचे कारण आणि जुन्या चीजने डोके दुखत असेल तर त्यामागचे कारण यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसू शकतो, आणि खाणे व त्रास यांच्यातले अंतरही दोन्हीकडे सारखे नसते.

९ जानेवारी

काहीही वगळण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आलो. अचानक, क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, ताप आणि मान आखडणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलण्यात किंवा दृष्टीत बिघाड, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, तसेच शौचावाटे रक्त जाणे किंवा कारणाशिवाय वजन उतरणे, यांपैकी काही असेल तर अन्नाची नोंदवही बाजूला ठेवून आधी तपासण्या कराव्या लागतात. धाकटीच्या बाबतीत यातले काही नाही. तिच्या डोकेदुखीचे निदान मायग्रेन असे झाले.

वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांनी बारकाईने विचारला आणि तो विचारणे रास्तच होते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा मायग्रेनवरच्या ट्रिप्टान गटातील आणि एकाहून अधिक वेदनाशामके एकत्र असलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर त्या गोळ्यांच्या अतिवापरानेच डोके दुखू लागते. तशी परिस्थिती असती तर कोणताही पदार्थ वगळून काही हाती लागले नसते. धाकटीचे प्रमाण यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

गव्हाबाबत एक गोष्ट क्रमाने करणे आवश्यक होते. सीलिअॅक आजाराची, म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची, रक्तचाचणी प्रतिपिंडे शोधते, आणि गहू आधीच बंद केलेला असेल तर ती प्रतिपिंडे ओसरून चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. धाकटी गव्हाला बोल लावत असली तरी तिने तो पूर्ण सोडलेला नव्हता, म्हणून चाचणी लगेच करून घेता आली आणि ती नकारात्मक आली. आता गहू वगळण्याचा प्रयोग करायला मोकळीक आहे.

ज्या पदार्थाने काही मिनिटांत ते दोनेक तासांत ओठ किंवा घसा सुजतो, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, तो पदार्थ या प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही. ती खरी ॲलर्जी असते आणि तिची चाचणी घरी कधीही करायची नसते. यादीतल्या कोणत्याही पदार्थाने असे झालेले नाही, हे विचारून खात्री केली.

रक्ताच्या एका थेंबावरून शेकडो पदार्थांची असहिष्णुता सांगणाऱ्या आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) चाचणीचा मोह धाकटीला होता. युरोपातील ॲलर्जी व क्लिनिकल इम्युनॉलॉजी अकादमीने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे की अन्नाविरुद्धची आयजीजी-४ प्रतिपिंडे ही तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा असल्याची खूण आहे, तो बाधत असल्याची नव्हे. म्हणजे जो पदार्थ नेहमी खाल्ला जातो तोच अहवालात लाल रंगात येण्याची शक्यता जास्त. हा खर्च टाळला.

१२ जानेवारी

नोंदीचा तक्ता आज तयार केला. यासाठी मोबाइलवरची तयार ॲप पाहिली होती, पण त्यांतल्या बहुतेकांत 'कशामुळे झाले असे वाटते?' हा प्रश्न आधीच विचारलेला असतो, आणि नेमका तोच प्रश्न मला नको आहे. रोज संशयिताचे नाव लिहिण्याची सवय लागली की त्या पदार्थाचीच नोंद काळजीपूर्वक होते आणि बाकीचे 'वगैरे' मध्ये जातात.

तक्त्यातले रकाने असे ठेवले : खाण्यापिण्याची वेळ आणि पदार्थ, अंदाजे प्रमाणासह, कॉफी किंवा चहाचा प्रत्येक कप वेळेसह, झोपण्याची व उठण्याची वेळ, पाळीचा दिवस, घेतलेली औषधे, आणि त्रास. त्रासात सुरुवात कधी झाली, कोणत्या बाजूला, ० ते १० मध्ये तीव्रता किती, प्रकाश नकोसा वाटतो का, मळमळ आहे का, किती वाजता ओसरला. जोडीला एक रकाना 'इतर जाणवलेले' असा, ज्यात जांभया, मान आखडणे, चिडचिड, काहीतरी खाण्याची तीव्र इच्छा असे किरकोळ वाटणारेही लिहायचे.

ज्या दिवशी काही दुखले नाही त्या दिवसाचीही नोंद तितकीच सविस्तर हवी, यावर मी अडून बसले. धाकटीला ते निरर्थक वाटले. "ताई, काही झालंच नाही तर लिहायचं काय?" असे तिने विचारले. त्याच दिवसांवर पुढचा सगळा हिशेब उभा राहणार आहे.

पहिला टप्पा फक्त निरीक्षणाचा आहे. या काळात आहारात काहीही बदल करायचा नाही.

२ फेब्रुवारी

निरीक्षणाचा टप्पा संपला. तक्ते जमिनीवर ओळीने मांडल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती पदार्थांच्या रकान्यात नव्हतीच. डोकेदुखीच्या नोंदी सुट्टीच्या सकाळी गर्दी करून आहेत.

एका शनिवारची नोंद जशीच्या तशी उतरवते. उठणे ९.२०. न्याहारी नाही. डोके १०.१५ पासून, कपाळ आणि दोन्ही कानशिले, तीव्रता ४, मळमळ नाही. पहिली कॉफी ११.०५. पावणेबारा वाजता तीव्रता १. आदल्या रात्री : चीज घातलेला पास्ता. धाकटीच्या हिशेबात हे चीजच्या खात्यावर गेले असते. पण आदल्या दिवशीचा कॉफीचा शेवटचा कप दुपारी दोनचा आहे, म्हणजे दोन कपांमध्ये २१ तास गेले. कामाच्या दिवशी हेच अंतर १७ तासांचे असते, कारण सकाळी सातला पहिला कप होतो.

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी सोसायटीच्या २०१८ च्या वर्गीकरणात कॅफीन तुटल्याने होणाऱ्या डोकेदुखीचे निकष दिलेले आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेतले जात असेल आणि ते थांबले किंवा नुसते लांबले, तर शेवटच्या घोटानंतर २४ तासांच्या आत डोके दुखू लागते आणि १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर तासाभरात ओसरते. गाळून केलेल्या कॉफीच्या एका मोठ्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि धाकटी दिवसाला तीन कप घेते. कॅफीन मेंदूतील ॲडिनोसीन या रसायनाचे ग्राहक (ते जिथे जोडले जाते त्या जागा) अडवून धरते आणि रक्तवाहिन्या आकुंचित ठेवते. रोजच्या सवयीने शरीर त्याला जुळवून घेते, आणि मग वेळेवर कॅफीन आले नाही की ॲडिनोसीनचा जोर वाढून रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. शनिवारची नोंद या वर्णनाशी इतकी जुळते की चीजला इथे बोलावण्याची गरजच उरत नाही.

दुसरे, न्याहारी चुकलेल्या आणि दुपारचे जेवण तीनच्या पुढे गेलेल्या दिवशीही नोंदी दाट आहेत. उपाशी राहणे हे स्वतःच डोकेदुखीचे मान्य कारण आहे. जेवण चुकल्यावर माणूस हाताशी येईल ते खातो आणि मग डोके दुखल्यावर दोष त्या हाताशी आलेल्या पदार्थाला जातो. धाकटीच्या यादीतले पाकिटातले सूप बहुधा याच वाटेने आत आले असावे. भूक लागून उशीर झाला की ती तेच करते.

५ फेब्रुवारी

निर्णय : एकही पदार्थ न वगळता पुढचे काही आठवडे फक्त वेळा सारख्या करायच्या. उठणे आणि पहिला कप सुट्टीच्या दिवशीही कामाच्या दिवसाप्रमाणेच, न्याहारी तासाभरात, दोन खाण्यांत चार-पाच तासांपेक्षा जास्त अंतर नको. कॉफी पूर्ण बंद करण्याचा विचार तूर्त मागे ठेवला आहे, कारण ती तोडल्यावरचा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो आणि त्यामुळे नोंदी गढूळ होतील.

२३ फेब्रुवारी

सुट्टीच्या सकाळची डोकेदुखी जवळजवळ नाहीशी झाली आहे. आइस्क्रीम वगळता यादीतल्या प्रत्येक पदार्थाचा काही ना काही भार त्या सकाळींमुळे होता, तो सगळ्यांवरून एकदम उतरला.

उरल्या त्या खऱ्या मायग्रेनच्या डोकेदुखी : एका बाजूला ठणकणाऱ्या, प्रकाश सहन न होणाऱ्या, काही तास ते दिवसभर टिकणाऱ्या. आता त्यांच्याकडे नीट पाहता येते, आणि त्यांत चॉकलेटची नोंद पहिली लक्ष वेधून घेते. बहुतेक वेळा आदल्या दिवशी चॉकलेट खाल्लेले आहे. एवढ्यावर थांबले असते तर चॉकलेटवर शिक्कामोर्तब झाले असते, पण 'इतर जाणवलेले' या रकान्यात त्याच संध्याकाळी जांभया आहेत, मान आखडल्याची नोंद आहे, आणि एका ठिकाणी धाकटीने स्वतःच्या अक्षरात 'आज गोड हवंच आहे' असे लिहून ठेवले आहे, तेही चॉकलेट खाण्याच्या दोन तास आधीच्या वेळेसह.

मायग्रेनचा झटका डोके दुखू लागते तेव्हा सुरू होत नाही. त्याच्या आधीची पूर्वावस्था काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत असू शकते, आणि तिच्या लक्षणांत जांभया, मान आखडणे, वारंवार लघवीला जाणे, मनःस्थितीतले बदल आणि विशिष्ट पदार्थाची ओढ ही सगळी येतात. तेव्हा चॉकलेटमुळे झटका आला की सुरू झालेल्या झटक्यानेच चॉकलेट मागितले, हा प्रश्न खुला होतो, आणि आमच्या नोंदीतला क्रम दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. १९९७ मध्ये डोकेदुखी असलेल्या ६३ स्त्रियांवर झालेल्या दुहेरी-अंध चाचणीत, म्हणजे कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नसलेल्या चाचणीत, चॉकलेट आणि चवीने तसेच लागणारे कॅरोब (एका झाडाच्या शेंगांपासून केलेला पदार्थ) यांच्यात काहीच फरक आढळला नव्हता. स्वतःला चॉकलेट बाधते अशी खात्री असलेल्या स्त्रियांमध्येही नाही.

धाकटीला हे पटायला वेळ लागला. तिने चॉकलेट सोडण्यासाठी बराच मनोनिग्रह केला होता, तो वाया गेल्याचे दुःख तिला चॉकलेट परत मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठे वाटले असावे. हाती एक उपयोगी गोष्ट मात्र लागली : गोडाची ती विशिष्ट ओढ आणि जांभया एकत्र आल्या, तर तो झटक्याचा आगाऊ इशारा समजून डॉक्टरांनी सांगितलेली तयारी ठेवायची.

१ मार्च

आज टोमॅटोचा हिशेब केला. धाकटी म्हणते की डोके दुखले त्यांतल्या बहुतेक दिवशी तिने टोमॅटो खाल्लेला होता, आणि नोंदी पाहता ते शब्दशः खरे आहे. अडचण अशी की डोके न दुखलेल्या बहुतेक दिवशीही तिने टोमॅटो खाल्लेला आहे.

तिला समजावण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण मांडले. साठ दिवसांपैकी ४८ दिवस टोमॅटो खाल्ला आणि एकूण १० दिवस डोके दुखले, असे समजू. टोमॅटोचा डोक्याशी काडीचाही संबंध नसला तरी त्या १० पैकी ८ दिवस टोमॅटो खाल्लेला सापडेल, कारण तो मुळात पाचांपैकी चार दिवस ताटात असतो. 'दहापैकी आठ वेळा' हे ऐकायला मोठे वाटते आणि त्याचा अर्थ शून्य असतो. त्यासाठी चार घरांचा तक्ता मांडायला हवा : खाल्ले आणि दुखले, खाल्ले आणि दुखले नाही, न खाता दुखले, न खाता दुखले नाही. माणसाच्या स्मरणात यांतले पहिलेच घर उरते. धाकटीने पेन्सिलने ती चार घरे भरली, दोन ओळींचे प्रमाण काढले, थोडा वेळ पाहिले आणि टोमॅटोवर काट मारली.

८ मार्च

चीजचे प्रकरण मात्र इतक्या सहज निकाली निघत नाही.

चीज आणि डोकेदुखी यांच्या नात्याला वैद्यकात जुना आणि भक्कम आधार आहे, पण तो एका विशिष्ट परिस्थितीतला आहे. नैराश्यावरील एमएओ-रोधक गटातली औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना चीज खाल्ल्यावर भयंकर डोकेदुखी होऊन रक्तदाब एकदम चढतो, हे बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये मांडले. चीज जुने होताना त्यातले जिवाणू टायरोसीन या ॲमिनो आम्लापासून टायरामीन तयार करतात. शरीरातील एमएओ हे विकर (एन्झाइम) एरवी त्याचा निकाल लावते, पण औषधाने ते विकरच बंद पाडलेले असते. पुढे १९६७ मध्ये एडा हॅनिंग्टन यांनी मायग्रेनच्या रुग्णांमध्येही टायरामीनचा संबंध सुचवला, आणि तेव्हापासून चीज प्रत्येक यादीत आहे. त्यानंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. धाकटी असे कोणतेही औषध घेत नाही.

आमच्या तक्त्यात नुसते 'चीज' लिहिलेले आहे, आणि या माहितीनंतर ते अपुरे ठरते. ताज्या मऊ चीजमध्ये टायरामीन नगण्य असते आणि महिनोन्महिने मुरवलेल्या चीजमध्ये भरपूर. हिस्टामीन या दुसऱ्या संशयित रसायनाचेही तसेच : ते आंबवलेल्या, मुरवलेल्या आणि शिळ्या, विशेषतः नीट थंड न ठेवलेल्या माशांसारख्या पदार्थांत साठत जाते, आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. आजपासून चीजच्या नोंदीत ताजे की मुरलेले, आणि उरलेल्या अन्नाच्या नोंदीत किती वेळापूर्वीचे, हे लिहायचे. टिकवलेल्या मांसातील नायट्राइटने डोके दुखते हे एका रुग्णावरील चाचणीतून १९७२ मध्ये दाखवून दिले गेले होते. धाकटी असे मांस खात नाही, म्हणून तो रकाना वाढवला नाही.

१० मार्च

आइस्क्रीम यादीतून काढले. तिच्या वर्णनानुसार दुखणे घास घेतल्यावर काही सेकंदांत कपाळात सुरू होते आणि काही मिनिटांत जाते. टाळूला गार लागल्याने होणारी ही डोकेदुखी बर्फाच्या पाण्यानेही होते. सावकाश खावे.

१५ मार्च

आता पोट. इथे संशयित तीन आहेत : दूध, गहू आणि कांदा-लसूण.

दुधातील लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज विकर जगातील बहुसंख्य प्रौढांमध्ये बालपणानंतर कमी होते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. पाणीही आत ओढले जाते. त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत सुरू होतो. परंतु लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे सुमारे एक कप दूध, फारशा त्रासाविना चालते, आणि जेवणासोबत घेतले तर त्याहूनही सहज. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसते. म्हणजे पोटाच्या दृष्टीने ज्या चीजवर संशय नाही त्याच चीजवर डोक्याच्या दृष्टीने सर्वाधिक संशय आहे. दोन तपास वेगळे ठेवल्याचा फायदा इथे दिसतो.

गहू आणि कांदा-लसूण हे वरवर निराळे वाटतात, पण तिघांमध्येही फ्रुक्टान नावाची कर्बोदकांची साखळी असते, जी माणसाचे कोणतेही विकर तोडू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी अशा आंबणाऱ्या कर्बोदकांना एकत्र करून २००५ मध्ये फॉडमॅप ही संकल्पना मांडली. सीलिअॅक नसूनही ग्लूटेन बाधते असे मानणाऱ्या लोकांवरील नॉर्वेतील एका दुहेरी-अंध अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त लक्षणे निर्माण केली. धाकटीच्या यादीत गहू, कांदा आणि लसूण शेजारी-शेजारी आहेत, हे त्यामुळे फार अर्थपूर्ण वाटते.

आहारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. वगळण्याचा टप्पा त्यांच्या देखरेखीशिवाय सुरू करणार नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि खाण्याशी आधीच बिघडलेले नाते असलेल्या व्यक्ती यांनी तर असा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये.

२२ मार्च

फ्रुक्टान आणि लॅक्टोज वगळण्याचा टप्पा आज सुरू झाला. तो दोन ते सहा आठवड्यांचा असतो आणि तात्पुरताच असतो; आहारतज्ज्ञांनी हे दोनदा बजावले, कारण बरे वाटू लागल्यावर अनेक जण तिथेच थांबतात आणि कायमचे अर्धपोटी पथ्य करत राहतात.

१२ एप्रिल

पोट फुगणे स्पष्टपणे कमी झाले आहे. तरी याला मी निष्कर्ष म्हणत नाही. नव्या पथ्याबरोबर आशा असते आणि बाहेरचे खाणेही आपोआप घटते. पुरावा मिळतो तो पदार्थ परत आणताना. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग पोट शांत होईपर्यंत मोकळे दिवस, आणि या सर्व काळात बाकीचा आहार वगळलेलाच.

१० मे

दुधाचा निकाल अपेक्षेप्रमाणे आला : कॉफीतले दूध आणि अर्धा कप दूध जेवणासोबत बिनतक्रार चालले, रिकाम्या पोटी मोठा पेला घेतल्यावर दीड तासात पोट तंबोऱ्यासारखे ताणले. दही चालले.

लसणाची चाचणी मला सर्वांत देखणी वाटली. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या आणि ते तेल वापरले, तर लसणाचा स्वाद जेवणात येतो, फ्रुक्टान येत नाही. धाकटीने एका आठवड्यात लसूण-तेलाचे जेवण घेतले, दुसऱ्यात पाकळ्यांसह शिजवलेले. तेलाने काही झाले नाही. पाकळ्यांनी दुसऱ्या दिवशीच पोट कुरकुरू लागले. आक्षेप लसणावर नसून त्यातल्या एका घटकावर आहे, एवढे तरी इथे दिसले. कांद्याचे उत्तर पाकळ्यांसारखेच आले. गव्हाच्या ब्रेडच्या दोन कापांनी काही झाले नाही, चार कापांनी झाले. सवाल प्रमाणाचा आहे, आणि त्यामुळे गव्हावर सरसकट बंदी घालण्याचे कारण उरले नाही.

१४ मे

पाकिटातल्या सूपवरचा आरोप मोनोसोडियम ग्लुटामेटवर, म्हणजे चव वाढवण्यासाठी घालतात त्या अजिनोमोटोवर आहे. या आरोपाची सुरुवात १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापल्या गेलेल्या वाचकाच्या पत्रातून झाली. नंतरच्या दुहेरी-अंध चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातील ग्लुटामेटने, विशेषतः जेवणासोबत घेतल्यावर, सातत्याने काही घडले नाही. धाकटीला मात्र स्वतःचा पुरावा हवा आहे, आणि हा पदार्थ कॅप्सूलमध्ये दडवता येतो, म्हणून अंध चाचणी शक्य आहे.

रचना सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ मधील चहाच्या कपांच्या प्रसिद्ध प्रयोगावरून घेतली. आठ पुड्या, चारांत नेहमीच्या वाढपाइतके, म्हणजे अर्धा ग्रॅम, ग्लुटामेट आणि चारांत पिठीसाखर, सारख्याच अपारदर्शक कॅप्सूलमध्ये. पुड्या एका मैत्रिणीने भरल्या आणि क्रम बंद लिफाफ्यात ठेवला. मला आणि धाकटीला दोघींनाही तो ठाऊक नाही. दोन पुड्यांमध्ये पुरेसे दिवस, आणि प्रत्येक वेळी त्रासाची नोंद व 'खरी की खोटी' असा अंदाज. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती असल्यामुळे सर्व अंदाज निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ७० त १ आहे. सहा बरोबर आले तर ते मोठे वाटेल, पण सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ७० त १७, म्हणजे जवळजवळ चारांत एक आहे. तेवढ्यावर काही सिद्ध झाले असे मानायचे नाही, हे लिफाफा फोडण्याआधी इथे लिहून ठेवते.

१४ जून

लिफाफा फोडला. अंदाज नाणेफेकीने आले असते तसेच आले. धाकटीची सर्वांत खात्रीची नोंद, तीव्रता ५ आणि शेजारी ठळक 'हेच ते!', पिठीसाखरेच्या पुडीची निघाली. ते दुखणे खरेच होते. अपेक्षेने निर्माण झालेली वेदना काल्पनिक नसते, हे मी तिला सांगितले आणि तिने ते ओळखीच्या तिरकसपणाने ऐकून घेतले. "म्हणजे ताई, मला साखर बाधते असं लिहू का?" असे तिचे म्हणणे पडले.

२१ जून

यादीची आजची स्थिती. चॉकलेट, टोमॅटो, आइस्क्रीम आणि पाकिटातले सूप काढले. दूध, गहू, कांदा आणि लसूण डोक्याच्या यादीतून निघून पोटाच्या यादीत प्रमाणासह राहिले. मुरलेले चीज प्रलंबित आहे : नव्या तपशिलाने घेतलेल्या नोंदींत ताज्या चीजनंतर काही दिसत नाही, मुरलेल्यानंतर काही वेळा दिसते, पण त्यांतल्या बहुतेक रात्री झोपही अपुरी झालेली आहे. दोन्ही सारखेच चवदार सॉसमध्ये वितळवून, झोप पुरेशी झालेल्या दिवशीच, मैत्रिणीच्या हातून चाचणी घेण्याचे ठरले आहे. आंबट फळांची चाचणी रद्द केली, कारण धाकटीने आज कबूल केले की ती फळे तिला मुळात आवडतच नाहीत.